लाकडी पारवे

“वारा कुठून येतोय, पोरी?” मामंजींनी विचारलं.

मी पदर नीट केला, बोट तोंडात ओलं करून वर धरलं. “तळ्याकडून.”

“मग ह्यांची तोंडं कुठं पायजेत?”

“तळ्याकडं.”

“हां. पाखरू वाऱ्याला पाठ देऊन बसत न्हाई. आपलं पाखरू पाठ देऊन बसलं की वरच्या पाखराला लगेच कळतंय, हितं कायतरी काळंबेरं हाय.”

मी ओळीनं एकेक पारवा फिरवत गेले. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे होते ते, काजळी आणि राख कालवून रंगवलेले. मानेवर थोडा हिरवट जांभळा हात मारला होता, आणि पोटात खुपसलेली काडी ढेकळात रोवली की पारवा दाणे टिपायला वाकल्यासारखा दिसे. तरुणपणी मामंजी बोलारमच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाची बंदूक पुसायला होते. लाकडाची पाखरं मांडून खरी पाखरं खाली उतरवायची ही युक्ती त्यांनी तिथून आणली होती. गावात दुसऱ्या कुणाला ती माहीत नव्हती. लोक म्हणायचे, नागोराव पारव्यांना नावानं हाका मारतो आणि ते येतात.

आमचं रान गावाच्या वरच्या अंगाला. पलीकडं पडकी गढी आणि तिच्या पोटात जुनी बारव. दोन्हीकडच्या कपारी पारव्यांनी भरलेल्या. पेर झाली की थवेच्या थवे उतरायचे, तासातून पाय टाकत चालायचे आणि पेरलेला हरभरा दाणा दाणा उकरून काढायचे. आदल्या वर्षी आम्ही एकाच रानात दोनदा पेर केली होती आणि दुसऱ्यांदा पेरलेलं उशिरा आलं म्हणून घाट्यात दाणाच भरला नव्हता. गोफणीला पारवे भीत नसत. एका बांधावरून उठायचे, दुसऱ्यावर बसायचे. भीत ते फक्त मामंजींच्या दुनळी बंदुकीला. पिकाच्या राखणीसाठी तिचा परवाना होता. बारवेतल्या पारव्याला मात्र मामंजींनी कधी हात लावला नाही. रानात आला तर आपला, घरात असला तर देवाचा, असं ते म्हणत.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तोवर मामंजींशी माझं बोलणं म्हणजे भाकरी वाढू का आणि पाणी तापलंय, एवढंच. त्या कार्तिकात एका सकाळी ते एकदम म्हणाले, “सूनबाई, रानात चल. पडलेली पाखरं उचलायला कुणी न्हाई.” पूर्वी रहिमानभाई त्यांच्याबरोबर असायचे, ते लेकीकडं राहायला गेले होते. माझे मालक उदगीरच्या डेपोत मेकॅनिक, रविवारी यायचे. घरात दुसरं होतं कोण? मी चपला घातल्या आणि निघाले.

उभ्या तुरीच्या दोन ओळींमध्ये आमचा आडोसा होता. समोर पेरलेलं रान, त्यात घोड्याच्या नालासारखे मांडलेले लाकडी पारवे, मधे मोकळी जागा. खरं पाखरू उतरायचं ते त्या मोकळ्या जागेत.

“आता बोलायचं हळू,” मामंजी म्हणाले. “आन दिसलं की सांगायचं. कुठून, किती, केवढ्या उंचीवर.”

“चिंचेवरून. पाच-सात. चिंचेच्या दुप्पट उंच.”

“वळले?”

“वळले. खाली येतायत. पाय खाली सोडले.”

बार झाला. धुराचा वास नाकात शिरला. एक पाखरू लाकडी पारव्यांमध्ये पडलं, बाकीची फडफडत गढीकडं गेली. मी धावत जाऊन उचलून आणलं. अजून गरम होतं. मामंजींनी ते हातात घेतलं, छातीवरून अंगठा फिरवला, गळ्याखालची दाण्याची पिशवी दाबून बघितली आणि म्हणाले, “भरलीय. आपलेच हरभरे.”

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. चार भिंतींतून बाहेर पडले होते आणि एवढा मोठा माणूस मला शिकवत होता. पाखरू वळताना आधी कुठला पंख पाडतं, उतरायच्या बेतात असलं की मान कशी पुढं काढतं, हे ते सारखं विचारत राहायचे आणि मी बघून सांगत राहायचे. मला वाटायचं, माझी परीक्षा चालली आहे.

दोन-तीन दिवस असेच गेले. मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मालक सांगायचे, आमचे वडील बसलेल्या पाखरावर बार टाकत नाहीत, त्यात कसली मर्दुमकी असं म्हणतात. पण माझ्यासमोर मामंजी पाखरू खाली बसेपर्यंत थांबत होते. मी “पाय सोडले” म्हटलं तरी थांबत. ते बसलं, चालायला लागलं की मग नळी उचलत.

त्या दुपारी ऊन पांढरंफटक होतं. एक जोडी उतरली, जमिनीला टेकली आणि काय वाटलं कुणास ठाऊक, लगेच उडून गेली. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात बार झाला. समोर खाडकन आवाज आला. आमच्याच एका पारव्याचं डोकं उडालं आणि लाकडाच्या चिरफळ्या ढेकळांवर पडल्या.

मी मामंजींकडं बघितलं. ते समोर बघत होते. जबड्याचं हाड हलत होतं.

“लागला?” त्यांनी विचारलं.

लाकडावर बसलेल्या छर्ऱ्यांचा आवाज त्यांना कळला नसेल असं नव्हतं. मग तेच म्हणाले, “मुद्दामच मारला. लई वाकडा बसला होता. बाकीची बुजायला लागली त्याला बघून.”

“हो,” मी म्हटलं.

मी जाऊन चिरफळ्या गोळा केल्या. परत येताना आडोशाकडं बघत चालत होते. मी लाल लुगडं नेसले होते. मामंजींचा चेहरा माझ्या दिशेला होता, पण डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या उजव्या अंगाला, तुरीच्या शेंड्यावर होते. मी पावलं वाजवली तेव्हा ते माझ्याकडं वळले.

रात्री मी मालकांना हे सांगायला हवं होतं, पण ते रविवारी येणार. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायचा धीर झाला नाही. तुमच्या मालकांना दिसत नाही, असं वर्षभराच्या सुनेनं सासूला कसं सांगायचं? आणि मामंजींचा रुबाब साऱ्या गावाला ठाऊक. चावडीवर ते आले की तरणी पोरं विडी विझवायची. मी मनाशी म्हटलं, उद्या आपणच डोळ्यांत तेल घालून बघायचं. आपण सांगितल्याशिवाय ते बार टाकणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी ढगाळ होतं. पारवे उशिरापर्यंत आलेच नाहीत. मामंजी अस्वस्थ होते, सारखे बंदुकीच्या घोड्यावर अंगठा ठेवायचे आणि काढायचे.

“काय दिसतंय?”

“काही नाही.”

“बारवेकडं?”

“तिकडंही नाही.”

मग गढीकडून एक थवा निघाला. मी बोट करून सांगायला लागले. तो आमच्या डोक्यावरून गेला, लांब जाऊन वळला आणि परत येताना मधेच बिचकला. पंखांची एकच फडफड झाली, थवा खाली आल्यासारखा झाला आणि पुन्हा वर फुटला. कशाला बिचकला म्हणून मी बांधाकडं बघितलं.

बांधावरून आत्याबाई येत होत्या. डोक्यावर भाकरीची पाटी. रोज त्या पांदीनं यायच्या, आमच्या पाठीमागून. त्या दिवशी का कोण जाणे, बांध धरून समोरून आल्या होत्या. अंगावर धुवून धुवून राखेच्या रंगाचं झालेलं लुगडं. लाकडी पारव्यांच्या बरोबर मागं त्या उभ्या होत्या आणि मी बघते तोवर पाटी खाली ठेवून वाकल्या. बांधाला पाथरीची भाजी होती.

मामंजींनी नळी उचलली होती. फडफड त्यांनी ऐकली होती. समोर करड्या रंगाचं काहीतरी हलून खाली बसलेलं त्यांना दिसलं असणार.

“मामंजी, थांबा!”

ते थांबले नाहीत. घोडा ओढायच्या आधी माणूस श्वास धरतो, तसा त्यांनी धरला होता. मी बंदुकीखाली दोन्ही हात घातले आणि नळी वर ढकलली. माझा खांदा त्यांच्या छातीवर आदळला. बार झाला. छर्रे तुरीची पानं फाडत वर गेले. पानांचा चुरा आमच्या दोघांच्या डोक्यावर पडत राहिला.

ज्या माणसासमोर मी मान वर करून बोलले नव्हते, त्याला मी ढकललं होतं. पण ते रागावले नाहीत. मी आधी हात काढून घेतले. ते तसेच बसले होते, नळी आभाळाकडं.

“काय होतं तिथं?” त्यांनी विचारलं.

“माणूस.”

“कोण?”

मी पदरावरचा पाला झटकायला लागले. बराच वेळ गेला. मग समोरून, बांधाच्या अंगाकडून, आत्याबाईंचा आवाज आला, “अवो, किती घावली आज? का नुसताच बार फुकट घालवलाव?”

मामंजींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. नळी जिथं रोखली होती तीच ती दिशा. त्यांनी बंदूक मधे मोडून उघडली, एक रिकामं आणि एक भरलेलं काडतूस बाहेर काढलं. भरलेलं हातातून निसटून खाली पडलं. ते शोधायला वाकले, त्यांना सापडेना. माझ्या पायाशीच पडलं होतं. मी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांची बोटंही मलाच मिटवावी लागली.

आत्याबाई आल्या. ओच्यात पाथरीची पानं होती. त्या आपल्या बोलत होत्या, लसूण घालून परतते म्हणत होत्या. मामंजी जेवले नाहीत. ऊन लागलं म्हणाले. घरी येताना मी पुढं आणि ते मागं, माझ्या पावलांच्या आवाजावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्याच्या दारात उभे होते, खांद्याला दुनळी. मला वाटलं होतं, आता ते जाणार नाहीत.

“काडतुसाचा पट्टा कुठाय?”

“मी ठेवलाय.”

“आण.”

“नाही आणणार.”

गाईनं खुंट्याला शिंग घासलं. मामंजी हळू आवाजात म्हणाले, “कुनाशी बोलतीस, ठावं हाय?”

“ठाऊक आहे.”

“तुझ्या नवऱ्याला सांगून माहेरी धाडीन.”

“धाडा. पट्टा देणार नाही.” मी गाईच्या पुढ्यात वैरण टाकली. “काल मी नसते तर काय झालं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सोडून मलाच माहीत आहे. मी कुणाला सांगणार नाही. पण पट्टा देणार नाही.”

ते दारातल्या दगडावर बसले. बंदूक मांडीवर आडवी. एवढा उंच माणूस, बसल्यावर केवढासा दिसला. मग ते बोलले ते माझ्याशी बोलल्यासारखं नव्हतं.

“मधोमध काईच न्हाई. कडंकडंनं दिसतं. तुझ्या तोंडाकडं बघितलं की तोंड जातंय. पाखराकडं बघितलं की पाखरू जातंय. आभाळात हुतं तवर तरी कळायचं. आता तेबी न्हाई.”

“डॉक्टरला दाखवू.”

“दाखवलं लातुरात. मोतीबिंदू न्हाई म्हनला. असंच जानार.” मग म्हणाले, “रान तर खाऊन टाकतील गं. आठवडाभर राखलं की मोड वर येतोय, मग न्हाई त्रास. आठवडाभराची बात.”

मला काही सुचलं असं नव्हे. त्यांनीच बंदूक मांडीवरून उचलली आणि माझ्या दिशेला धरली.

“मग तू मार.”

“मी?”

“तुझं सगळं बरोबर असतंय. वळनं, पाय सोडनं. तू सांगतीस तवा पाखरू कुठं हाय ते मला तुझ्या आवाजातनं दिसतं. आता फक्त घोडा वढायचा ऱ्हायला.”

आडोशात त्यांनी मला बंदूक खांद्याला कशी टेकवायची ते दाखवलं. माझ्या मागं बसले, हाताला हात न लावता नुसतं तोंडानं सांगत. पहिल्या बाराला मी मागं कोसळले. दुसऱ्याला आणखी एक लाकडी पारवा फोडला. मामंजी हसले. त्या आडोशात ते पहिल्यांदा हसले.

“वाकडा बसला हुता का?”

“फार वाकडा,” मी म्हटलं.

पाखरू पडलं ते दुसऱ्या दिवशी. पण मेलं नाही. पंख मोडून तासात गोल गोल फिरत राहिलं. मी जवळ गेले. त्याच्या लाल डोळ्याकडं बघितलं आणि मला पुढं हात घालवेना. उचलून कसंबसं मामंजींकडं नेलं. त्यांनी एका झटक्यात मान मुरगळली आणि म्हणाले, “हे तुझं तुला करावं लागंल. मारायचं आन मरताना तोंड फिरवायचं, असं चालत न्हाई.” तेव्हापासून ते मीच करत आले. त्याची सवय कधी झाली नाही. हरभरा मात्र त्या साली असा वर आला की बांधावरनं जाणारी माणसं थांबून बघायची.

गावाला यातलं काही कळलं नाही. मामंजीच बंदूक खांद्याला लावून पुढं निघायचे. पांदीचा रस्ता त्यांच्या पायांना पाठ होता. मी मागं, पाटी घेऊन. आडोशात मी बार टाकायची आणि ते कान लावून बसायचे. बारवेकडून निघालेला थवा त्यांना माझ्याआधी ऐकू यायचा. येताना पुन्हा बंदूक त्यांच्या खांद्यावर. चावडीवर कुणी म्हणायचं, “नागोराव, अजून नेम हाय बरं का!” ते म्हणायचे, “हाय की.” मालकांनाही मी सांगितलं नाही. मी कुणाला सांगणार नाही असं म्हणाले होते.

पुढं मुलं झाली, आणि तरीही प्रत्येक पेरणीनंतरचे ते आठ-पंधरा दिवस आम्हा दोघांचे असायचे. शेवटी शेवटी त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी यायचे. एका फाल्गुनात, हरभरा खळ्यावर असताना, दोन दिवसांच्या तापानं ते गेले.

तेरावा झाल्यावर पोलीसपाटील आले. परवाना मामंजींच्या नावावर, माणूस गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा करायला हवी होती. ओसरीवर मालक आणि ते बोलत बसले होते. मालक म्हणत होते, “आता घरात चालवणारं कुणी नाही. जमा करून टाकू.” मी आत आत्याबाईंजवळ हरभरा निवडत बसले होते. माझा हात सुपात थांबला.

आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “सांग की त्याला.”

“काय सांगू?”

“बंदूक कोन चालवतंय ते.”

त्या खडे वेचत होत्या.

“तुम्हाला कधी कळलं?”

“डोळ्याचं? तुझं लगीन व्हायच्या आधी. ताटातली भाकर चाचपून उचलाया लागले तवा. रहिमानभाई गेल्यावर जिवाला घोर लागला. मीच लकडा लावला, सूनबाईला संगं न्या, पाखरं उचलंल. ते मला काई बोलले न्हाईत, मी त्यांस्नी बोलले न्हाई.”

मला तो ढगाळ दिवस आठवला. विचारू की नको असं झालं. विचारलं, “मग त्या दिवशी तुम्ही समोरून...”

“पांदीत चिखल हुता. मला वाटलं, आता तू हाईस तिथं, पद्मीण, कशाला भ्यायचं.” त्यांनी एक खडा बाजूला टाकला. “नळी दिसली मला. थेट माझ्याकडं.”

“तुम्ही भाजी खुडायला वाकला होता.”

“कशाची भाजी! पायातलं बळ गेलं, बसले खाली.”

“हाक का नाही मारलीत?”

“तोंडातनं आवाज फुटंल तर मारू ना. मग बार वर गेला. तुझं लाल लुगडं दिसलं तुरीत. मी तिथंच बसून ऱ्हायले. तोंडावरनं पानी फिरवलं. मग चार पानं खुडली पाथरीची, म्हनलं हातात कायतरी दिसाया पायजे. आन मग आले.”

हसत आल्या होत्या त्या. किती घावली म्हणून विचारत. मी म्हटलं, “इतकी वर्षं बोलला नाहीत.”

“बापड्याला वाटायचं, मला काई ठावं न्हाई. आपल्या हातनं काय हुनार हुतं ते त्यांस्नी ठावं हुतंच की. रोज त्या ओझ्यानं जेवायचे माझ्या म्होरं बसून. त्यात मलाबी ठावं हाय हे कळलं असतं तर घास उतरला असता का त्यांच्या गळ्याखाली?”

ओसरीवर पोलीसपाटील उठले. मालक आत येऊन खुंटीवरची दुनळी काढायला लागले. आत्याबाईंनी गुडघ्यावर हात टेकला, उठल्या आणि त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट करून त्यांनी बाहेरही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “ती जमा करायची न्हाई. परवाना हिच्या नावानं मागा.”

“हिच्या?” मालक म्हणाले. “हिला काय येतंय त्यातलं?”

“इतकी वर्सं नागोरावांचा नेम म्हनून गाव जे सांगतंय ना,” आत्याबाई म्हणाल्या, “ते हिला येतंय.”

पोलीसपाटील पुन्हा खाली बसले. मालक बंदूक हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी ती माझ्याकडं दिली. मी ती घेतली, मोडून बघितली, नळ्या रिकाम्या होत्या, आणि परत खुंटीला लावली.